मसीहा : आलेला आणि येणारा



शाळेत इतिहास शिकविणाऱ्या शिक्षकाला एक प्रश्न कधी ना कधी विचारला जातोच. येशू ख्रिस्त जन्माने यहूदी, त्याची आई मरिया यहूदी, त्याचे पहिले शिष्यही यहूदी. मग यहूदी लोक त्याला का मानीत नाहीत? माजरीसारख्या कोळसाखाणीच्या गावी नाना प्रांतांची आणि नाना धर्मांची माणसे शेजारी शेजारी राहतात. दिवाळीचा आकाशकंदील एका दारी, नाताळचा कागदी तारा दुसऱ्या दारी. तेव्हा एखाद्या चुणचुणीत पोराने हा प्रश्न विचारला तर नवल नाही. शिक्षक बहुधा म्हणतात, "यहूद्यांनी त्याला ओळखले नाही," आणि पुढचा धडा काढतात. उत्तर सोपे आहे, पण एका बाजूचे आहे. यहूदी माणसाला विचारा. तो म्हणेल, "ज्याची वाट आम्ही पाहतो, त्याच्या हातून व्हावयाची कामे अजून झालेलीच नाहीत, मग ओळखावयाचे कोणाला?"

या भांडणाचे मूळ एका शब्दात आहे. तो शब्द मसीहा. मूळ हिब्रू माशियाह. त्याचा अर्थ अगदी साधा : ज्याला तेलाने अभिषेक केला आहे असा. आपल्याकडे राजाला पवित्र नद्यांच्या पाण्याचा अभिषेक होई. १६७४ साली रायगडावर शिवाजीमहाराजांना झाला, तो सर्वांना ठाऊक आहे. यहूद्यांच्या देशात पाण्याच्या जागी जैतुनाचे तेल. राजाच्या मस्तकावर ते ओतले की तो माशियाह झाला. मुख्य याजकालाही असाच अभिषेक होई. म्हणजे आरंभी हा शब्द देवाला लावीत नसत. तो गादीवर बसलेल्या, हाडामांसाच्या माणसाचा होता. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात तर इराणच्या कोरेश राजालाही, परक्या आणि परधर्मी राजाला, हाच शब्द लावलेला आहे. बाबिलोनच्या राजाने इ. स. पूर्व ५८६ मध्ये यरुशलेम जाळले, मंदिर पाडले आणि लोकांना कैद करून नेले. पुढे कोरेशाने बाबिलोन जिंकले आणि इ. स. पूर्व ५३८ मध्ये त्यांना घरी परतू दिले. सोडविणारा तो अभिषिक्त, इतका व्यवहारी अर्थ.

याच शब्दाचे ग्रीक भाषांतर ख्रिस्तोस. ख्रिस्त हे येशूचे आडनाव नव्हे, ती पदवी आहे, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक नसते. येशू ख्रिस्त म्हणणे म्हणजे येशू हाच मसीहा असे म्हणणे. म्हणून यहूदी माणूस येशू हे नाव घेईल, पण पुढचा शब्द उच्चारताना थबकेल.

आता ही वाट पाहणे सुरू कसे झाले? इ. स. पूर्व १००० च्या सुमारास दावीद राजाने यरुशलेम ही राजधानी केली. पुढे राज्य दुभंगले, बुडाले. बाबिलोनी आले, इराणी आले, ग्रीक आले, आणि इ. स. पूर्व ६३ मध्ये रोमन आले. राज्य गेलेल्या लोकांच्या मनात जुन्या राजाची आठवण कशी घर करून राहते, हे चांद्याच्या माणसाला समजावून सांगावयास नको. येथील गोंड राजांची सत्ता १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेली, तिथून इंग्रजांकडे. १८५८ मध्ये बाबूराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिले गेले. तसेच यहूद्यांचे होते. दावीदाच्या वंशात पुन्हा एक अभिषिक्त राजा होईल, तो परक्यांचे जोखड काढील, देशोधडीला लागलेल्या लोकांना एकत्र आणील, मंदिर उभे राहील, न्याय होईल. यशयाने त्याहूनही मोठे चित्र काढले. राष्ट्रे तलवारी मोडून नांगराचे फाळ करतील आणि युद्ध शिकणेच सोडून देतील. लक्षात घ्या, ही सगळी कामे या पृथ्वीवरची आहेत आणि सर्वांच्या डोळ्यांना दिसणारी आहेत.

अशा काळात गालीलातला येशू उपदेश करू लागला. गोरगरीब त्याच्यामागे गेले, आणि काहींना वाटले, हाच तो. रोमन सुभेदार पंतय पिलात याने त्याला क्रूसावर दिले. येथे शिक्षकांनी एक गोष्ट आवर्जून सांगावी. क्रूसावर देणे ही रोमन शिक्षा होती, विशेषतः गुलामांना आणि बंडखोरांना द्यावयाची. येशूच्या क्रूसावर लावलेल्या पाटीवर गुन्हा लिहिला होता तो यहूद्यांचा राजा म्हणवून घेतल्याचा. यरुशलेमच्या काही याजकमंडळींचा त्यात हात होता असे शुभवर्तमाने सांगतात. पण त्यावरून सगळी यहूदी जात येशूची मारेकरी ठरविणे हा इतिहास नव्हे. त्या एका वाक्यापायी पुढे किती रक्त सांडले, ते सांगतोच.

क्रूसापाशी दोन वाटा फुटल्या. बहुसंख्य यहूद्यांनी सरळ हिशेब केला. रोमन होते तेथेच आहेत, मंदिरावर त्यांचाच पहारा, न्याय कोठे दिसत नाही, आणि ज्याला राजा म्हणत होते तो मारला गेला. म्हणजे हा तो नव्हे. बाबूराव शेडमाक्यांना या जिल्ह्यात कोणी विसरले नाही, पण त्यांच्या फाशीने राज्य परत आले असेही कोणी म्हटले नाही. यहूद्यांचा विचार याच जातीचा होता. त्यात आंधळेपणा कोठे आहे?

शिष्यांची गोष्ट वेगळी. येशू मरणातून उठला आणि आपल्याला भेटला, अशी त्यांची खात्री झाली. ते जुने ग्रंथ घेऊन पुन्हा वाचावयास बसले. आता त्यांना यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातला तो सेवक दिसला, दुसऱ्यांचे अपराध स्वतः सोसणारा, वधाला नेलेल्या कोकरासारखा मुका. त्यांना वाटले, हे तर आपल्या गुरूचेच वर्णन. मग मसीहाचे कामच पालटले. रोमन जोखड राहिले बाजूला, पापाचे जोखड पुढे आले. राज्य पृथ्वीवरून अंतःकरणात गेले. उरलेली कामे, म्हणजे न्याय आणि शांती, ती त्याच्या दुसऱ्या येण्याच्या वेळी होतील असे ठरले. पौलाने हे मत यहूदी समाजाच्या बाहेर ग्रीक-रोमन जगात नेले. पौलही यहूदीच.

यशयाचा तोच अध्याय यहूदी पंडितही वाचतात. अकराव्या शतकातील फ्रान्सचा मोठा भाष्यकार राशी म्हणतो, हा सेवक म्हणजे कोणी एक माणूस नव्हे, तर राष्ट्रांच्या हातून हाल सोसणारी इस्राएलची प्रजा. अक्षरे तीच, अर्थ दोन. इतकेच काय, पुस्तकांचा क्रमसुद्धा दोघांचा सारखा नाही. आपल्या मराठी बायबलात जुना करार संपतो तो मलाखीच्या ग्रंथाने. परमेश्वराच्या मोठ्या दिवसापूर्वी एलीया संदेष्टा येईल असे तेथे शेवटी सांगितले आहे, आणि पान उलटले की येशूची वंशावळ. वाचणाऱ्याला वाटते, वचन दिले आणि लगेच पुरे झाले. यहूद्यांच्या बायबलात ग्रंथ तेच आहेत, पण शेवट होतो इतिहासाच्या ग्रंथाने, आणि त्यात अखेरचे बोल कोरेशाचे, लोकांनी यरुशलेमास परत जावे या आज्ञेचे. एकाचे पुस्तक जन्मलेल्या बाळाच्या उंबरठ्यावर संपते, दुसऱ्याचे घरी जाणाऱ्या वाटेवर. आणि 'जुना करार' हे नावच मुळी ख्रिस्त्यांचे. ज्यांना नवा मान्य नाही, त्यांना हा जुना कसा वाटेल?

यहूद्यांनी केवळ येशूलाच नाकारले असे समजू नये. इ. स. १३२ मध्ये बार कोखबा नावाच्या वीराने रोमनांविरुद्ध बंड केले. अकिवासारख्या थोर धर्मगुरूने त्याला मसीहा मानले. १३५ मध्ये बंड चिरडले गेले, बार कोखबा पडला, आणि मसीहापणाचा दावाही तेथेच मिटला. १६६५ साली तुर्कस्तानात शब्बताई झवी उभा राहिला. देशोदेशीचे यहूदी घरदार विकून निघण्याच्या तयारीत होते. पुढच्याच वर्षी सुलतानाच्या धाकाने तो मुसलमान झाला. कसोटी प्रत्येक वेळी तीच. बाराव्या शतकात मैमोनिदेस या पंडिताने ती लिहूनच ठेवली. मसीहाने चमत्कार करण्याची गरज नाही. पण त्याने कामे पुरी केली नाहीत किंवा तो मारला गेला, तर तो मसीहा नव्हे. तरीही मसीहा येईल, त्याला उशीर झाला तरी मी वाट पाहीन, ही श्रद्धा त्याच मैमोनिदेसाने धर्माच्या तेरा तत्त्वांत घातली. अलीकडे काही यहूदी पंथ एका मसीहा-पुरुषाऐवजी न्यायाच्या युगाची वाट पाहतात, तो भाग निराळा.

आपल्या श्रोत्यांना येथे एक अडचण येईल. देव मनुष्यरूपाने आला ही कल्पना आपल्याला मुळीच जड जात नाही. राम आला, कृष्ण आला, तसा ख्रिस्त. कीर्तनात वाढलेल्या मनाला ख्रिस्ती बाजू चटकन पटते आणि यहूदी उगाच अडून बसल्यासारखा वाटतो. पण यहूदी धर्माचा पायाच असा की देव एक आहे आणि त्याला रूप नाही. मसीहा कितीही थोर असो, तो माणूसच. माणसाला देव म्हणणे हे त्याच्या दृष्टीने सर्वांत मोठे पाप. शिवाय पापातून सुटावयास त्याला मध्यस्थ लागत नाही. माणसाने पश्चात्ताप करावा, वाट बदलावी, देव क्षमा करतो. ज्या आजारावर ख्रिस्ती मसीहा औषध आहे, तो आजारच त्या रूपात यहूदी मान्य करीत नाही.

वाद विद्वानांपुरता राहिला असता तर कोणाचे बिघडले नसते. पण एका पक्षाच्या हाती राज्य आले. १२६३ मध्ये स्पेनमधील बार्सिलोना येथे राजासमोर जाहीर वाद झाला. यहूद्यांच्या बाजूने नहमानिदेस हा पंडित उभा होता. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा, की येशूच्या काळापासून आजवर जग लुटालुटीने भरलेले आहे, मग तलवारींचे फाळ झाले कधी? उत्तर चोख होते. पण उत्तर चोख असणे आणि देशात राहू दिले जाणे या दोन गोष्टी वेगळ्या. थोड्याच वर्षांत त्याला स्पेन सोडावे लागले. १४९२ मध्ये स्पेनने सगळ्याच यहूद्यांना हाकलले, आणि १४९७ मध्ये पोर्तुगालने तेथे आश्रयाला आलेल्यांना बळजबरीने बाप्तिस्मा दिला.

त्या पोर्तुगालातून ही गोष्ट थेट आपल्या किनाऱ्याला लागते. अशाच एका बाटविलेल्या घरातला वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्यास आला. १५६३ मध्ये त्याने हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवर गोव्यातच छापून काढलेला ग्रंथ आजही वैद्यकाच्या इतिहासात मानाने घेतला जातो. १५६८ मध्ये तो वारला. लगेच इन्क्विझिशनने त्याच्या नातेवाइकांना पकडले. घरच्या माणसाकडून काढलेल्या जबानीत नोंद झाली की गार्सिया खाजगीत म्हणे, भविष्यवाण्या अजून पुऱ्या झालेल्या नाहीत. त्याची बहीण कातारीना हिला १५६९ मध्ये जाळले. १५८० मध्ये खुद्द गार्सियाची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. भविष्यवाणी पुरी झाली की नाही, एवढ्या प्रश्नासाठी मेलेल्या माणसाची हाडे! आणि त्याच गोमंतकात १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण छापले गेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे, मराठी भाषेवर मनापासून प्रेम करणाऱ्या माणसाने लिहिलेले. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात येशूची. यहूद्यांचा सगळा इतिहास येणाऱ्या तारकाची प्रस्तावना म्हणून ओवीबद्ध झाला. ग्रंथ गोड आहे यात शंका नाही. मात्र तो वाचताना त्या ओव्यांच्या गोमंतकातच ओर्ताची हाडे जळली, हे शिक्षकाने ध्यानात ठेवावे.

गोव्याच्या उत्तरेला, अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यात, चित्र अगदी निराळे होते. तेथे बेने इस्राएल राहत. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले आणि सात पुरुष व सात बायका वाचल्या. त्यांनी तेलाचा घाणा धरला. मराठी बोलू लागले, गावावरून आडनावे घेतली : किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, रोह्याचे रोहेकर. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली. ग्रंथ हरवले, हिब्रू विसरली, राहिली ती सुंता, शनिवारचा विसावा, काही खाण्याचे नियम आणि शमा ही एक प्रार्थना. आणि राहिला एलीया संदेष्टा, त्यांच्या बोलीत एलियाहू हनाबी. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवितात. नवस फेडताना, शुभकार्यात, पोहे-खोबरे-फळांचे मलिद्याचे ताट मांडून त्याचे नाव घेतात. मलाखीच्या ग्रंथात ज्याच्या येण्याचे वचन आहे तोच हा एलीया, मसीहाच्या आधी येऊन वर्दी देणारा. मलिद्याच्या वेळी म्हणतात त्या हिब्रू गीतातही, त्याने दावीदाच्या पुत्राला घेऊन लवकर यावे अशीच विनवणी आहे. ग्रंथ गेले, पण वाट पाहणे ताटात मांडून ठेवलेले होते.

एकोणिसाव्या शतकात मिशनरी आले. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले, स्कॉटलंडचे जॉन विल्सन १८२९ मध्ये आले. त्यांना हे लोक सापडले तेव्हा आनंद झाला. मूर्तिपूजा न करणारे, मोशेला मानणारे, फक्त ग्रंथ ठाऊक नसलेले! मूळ ग्रंथ यांच्या हाती दिला की भविष्यवाण्यांत यांना येशू दिसेलच, असा त्यांचा मनापासून विश्वास. विल्सनसाहेबांनी १८३२ मध्ये हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीत लिहून छापले. मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुले शिकली, त्यांतले काही तेथेच शिक्षक झाले. कष्ट खरे होते आणि हेतूही लपविलेला नव्हता. पण झाले उलटे. ख्रिस्ती झाले ते फार थोडे. बाकीचे शिकले आणि अधिक पक्के यहूदी झाले. १८४६ मध्ये मुंबईत त्यांनी वल्हांडण सणाचा हगादा मराठीत छापून काढला. जोसेफ इझिकेल राजपूरकर या विद्वान मुख्याध्यापकांनी प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. १८८० च्या सुमारास तर टाळ-मृदंगाच्या चालीवर मोशे, एलीया यांची मराठी कीर्तने होऊ लागली.

असे का झाले याचा विचार करण्याजोगा आहे. ज्याला हिब्रू येते त्याच्या हाती मूळ शब्द येतो. एकच उदाहरण घ्या. यशयाच्या सातव्या अध्यायात मूल होणाऱ्या स्त्रीसाठी 'अल्मा' हा शब्द आहे. हिब्रूत त्याचा अर्थ तरुण स्त्री. ख्रिस्तापूर्वी यहूद्यांनीच केलेल्या ग्रीक भाषांतरात त्या जागी कुमारिका या अर्थाचा शब्द पडला, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाने तोच धरून येशूच्या जन्माची भविष्यवाणी दाखविली. ग्रीक वाचणाऱ्याला ती दिसते, हिब्रू वाचणाऱ्याला दिसेलच असे नाही. मात्र भाषेनेच सगळे ठरते असेही मला म्हणावयाचे नाही. आपल्या पंडिता रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर करण्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक दोन्ही अभ्यासल्या, १९२२ मध्ये मृत्यूपर्यंत त्या कामाला वाहून घेतले, आणि त्या शेवटपर्यंत ख्रिस्ती राहिल्या. इकडे चांद्यातही स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन आले. काशीत वाढलेले मराठी पंडित नीळकंठशास्त्री गोरे, पुढचे नेहेम्या गोरे, यांनी काही काळ येथे काम केले. शास्त्रांत मुरलेला माणूस, पुष्कळ वाद घालून ख्रिस्ती झाला. माणूस ग्रंथाजवळ येताना रिकाम्या हाताने येत नाही. रमाबाई आणि शास्त्रीबोवा पापक्षमेचा शोध घेत आले होते. बेने इस्राएल आपल्या आजोबांचा हरवलेला दस्तऐवज शोधत आले होते. ज्याला जे पाहिजे होते ते मिळाले.

आणि किहीमकर-दिवेकरांनी नकार दिला म्हणून कोणी त्यांची घरे जाळली नाहीत. मिशनरी शाळा चालवीत राहिले, हे मुले पाठवीत राहिले. हायीम सॅम्युएल किहीमकरांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा मोठा इतिहास लिहिला. त्यात कोकणच्या शेजाऱ्यांनी छळल्याची कहाणी नाही, कारण तशी सांगण्यासारखी नव्हतीच. युरोपात मात्र 'येशूचे मारेकरी' हे शब्द शतकानुशतके शाळांतून आणि देवळांतून मुलांना शिकविले गेले. हिटलरचा वंशद्वेष वेगळ्या मुळातून आला, पण जमीन आधीची नांगरलेली होती. सुमारे साठ लाख यहूदी मारले गेले. १९६५ मध्ये रोमच्या कॅथलिक धर्मपरिषदेने जाहीर केले की येशूच्या मृत्यूचा दोष त्या वेळच्या सर्व यहूद्यांवर किंवा आजच्या यहूद्यांवर लादता येत नाही. आपल्याकडे ते वाक्य कोणी वर्गात अजून सहज बोलून जात असेल, तर त्याने ही तारीख फळ्यावर लिहावी.

१९४८ नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलात गेले. मागे काही हजारच राहिले. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहूद्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. कोकणातील प्रार्थनामंदिरांत सामुदायिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमविणेही आता जड जाते. खंडाळ्याच्या खडकापाशी मात्र माणसे येतात. परदेशी गेलेल्यांची मुले-नातवंडे सुटीत येतात, नारळ-फुले वाहतात, मलिद्याचे ताट मांडतात आणि एलियाहू हनाबीला बोलावतात.